चढावर नांगरताना ट्रॅक्टर ओढ सोडतो: दोष क्लचचा, गिअरचा की आणखी कशाचा?

प्रश्न (पाटोदा तालुका, जि. बीड)

राम राम. आमची १४ एकर जमीन बालाघाटच्या अंगावर आहे. खालची ५ एकर काळी आणि जवळपास सपाट, वरची सगळी बरड, मुरमाड आणि चांगल्या उताराची. ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा, फक्त मागच्या चाकांना ओढ असलेला, दुहेरी क्लचचा असून १३ वर्षे घरीच वापरात आहे. खालच्या रानात दोन फाळी पलटी नांगर दिवसभर विनातक्रार चालतो. वरच्या रानात मात्र चढाची सहा-सात तासे (नांगराच्या ओळी) ओढून झाली की इंजिनाचा आवाज एकदम वर जातो, ट्रॅक्टर जागेवर थबकतो आणि मागची दोन्ही चाके फिरायची थांबतात. इंजिन दबत नाही, काळा धूर येत नाही, गिअरची दांडी होती तिथेच असते. करपल्यासारखा वास मात्र येतो. अर्धा तास थांबले की पुन्हा दोन-तीन तासे नीट जातात आणि मग तोच प्रकार होतो.

याच तक्रारीवरून मागच्या हंगामात क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी बसवली होती. त्याला आठ महिनेही झालेले नाहीत, आणि मिस्त्री पुन्हा प्लेटच बदलायला सांगत आहेत. खर्चाचे दुःख आहेच, पण गेल्या आठवड्यात जे घडले त्याने जास्त हादरलो आहे. शेणखताची भरलेली ट्रॉली घेऊन आखाड्याकडचा (शेतातल्या वस्तीकडचा) चढ चढताना ओढ सुटली आणि ट्रॅक्टर ट्रॉलीसकट मागे सरकू लागला. दोन्ही ब्रेक पेडल खटक्याने जोडलेले होते म्हणून गाडी थांबली. थोरला मुलगा ट्रॉलीच्या मागून चालत येत होता; तो वेळेत बाजूला झाला.

रोहिणी निघण्याआधी नांगरट उरकायची आहे. पुन्हा प्लेट घालण्याआधी नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (अंबाजोगाई, ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम, २२ वर्षे)

भाऊ, सर्वप्रथम एक विनंती. निदान होईपर्यंत भरलेली ट्रॉली चढावर नेऊ नका, आणि उतारावर ट्रॅक्टर नुसत्या गिअरच्या भरवशावर उभा करू नका. क्लच सटकत असेल तर गिअरमध्ये ठेवलेला ट्रॅक्टरही मागे घरंगळतो, कारण चाके आणि इंजिन यांना बांधून ठेवणारी गोष्ट क्लचच असते. पार्किंग ब्रेक लावून चाकाखाली दगड लावल्याशिवाय खाली उतरू नका.

आपण सांगितलेल्या लक्षणांवरून डिझेलची अडचण बाद होते. टाकीत डिझेल कमी असताना चढावर लाइन हवा घेते खरी, पण तेव्हा इंजिन दबून बंद पडते आणि एअर काढल्याशिवाय सुरू होत नाही. आपले इंजिन उलट मोकळे होऊन पळते आहे. म्हणजे ताकद तयार होते आणि वाटेत हरवते. दांडी जागेवर आहे आणि करपल्याचा वास येतो, म्हणून क्लचवरच संशय जातो. सपाट रानात हे का होत नाही, याचाही हिशोब सोपा आहे. १०० फुटांत १० फूट चढ असेल तर ट्रॅक्टरच्या वजनाचा सुमारे दहावा भाग जास्तीची ओढ म्हणून लागतो. २ टनांच्या ट्रॅक्टरला ही २०० किलोची भर नांगराच्या ओढीवर पडते, आणि ट्रॉलीसह एकूण वजन ७ टन असेल तर तीच ७०० किलोंवर जाते. अशक्त झालेला क्लच सपाटीला कसाबसा धरतो आणि चढाला सोडतो.

आता तपासणी. पेडल हाताने दाबून पाहा. जोर लागायला लागेपर्यंत साधारण इंचभर मोकळा खेळ हवा, नेमके माप पुस्तिकेत दिलेले असते. खेळ उरला नसेल तर रिलीज बेअरिंग सतत प्रेशर प्लेटच्या बोटांवर (क्लच सोडवणाऱ्या पट्ट्यांवर) टेकून राहते आणि प्लेट कधीच पूर्ण दाबली जात नाही. डोंगरी भागात बरेच चालक पेडलवर पाय ठेवूनच चालवतात, त्याचाही परिणाम हाच होतो. त्यानंतर सपाट मोकळ्या जागेत, समोर-मागे कोणी नसताना, दोन्ही ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये इंजिन १५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा आणि क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच धरतो आहे, आणि घुरघुरत चालूच राहिले तर सटकतो आहे. ही चाचणी एकदाच करावी, पुन्हा पुन्हा केल्यास प्लेट जळते.

तिसरी तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या हाउसिंगच्या तळाला बऱ्याच ट्रॅक्टरांत एक लहान भोक असते आणि त्यात दुमडलेली पिन सैल लोंबत असते. ती हलवून भोक मोकळे करा, खाली पांढरा पुठ्ठा ठेवा आणि रात्रभर थांबा. सकाळी काळे, पातळ तेल पडलेले दिसले तर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या बाजूचे ऑइल सील गेले आहे. मधासारखे, दाट आणि उग्र वासाचे असेल तर ते गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून येते आहे. चढावर नाक वर झाले की इंजिनातले तेल मागे येते आणि क्रँकचे मागचे सील तेलात बुडते, हेही ध्यानात घ्यावे. तेल लागलेली प्लेट कितीही नवी असली तरी धरत नाही. सील तसेच ठेवून प्लेट बदलणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी अंथरणे.

एक प्रश्न: इंजिनाचे तेल आपण कुठे उभे करून तपासता?

उत्तर (कन्नड तालुका, जि. छत्रपती संभाजीनगर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. अजिंठ्याच्या डोंगरकडेला शेती असल्याने माझा अनुभव जोडतो, कारण असेच लक्षण दोन वेगळ्या कारणांनीही दिसते आणि घाईत गल्लत होते.

माझ्या ट्रॅक्टरची हाय-लो दांडी (जलद-संथ गिअर निवडायची दुसरी दांडी) उतारावर आपोआप न्यूट्रलला येत असे. आतली बॉल-स्प्रिंग थकली होती आणि फोर्क झिजला होता. मलाही आधी क्लचच वाटला. पण करपल्याचा वास कधी आला नाही, आणि दांडीला हात लावला की ती सैल लागे. त्यामुळे ओढ सुटते त्या क्षणी मुख्य दांडीबरोबर हाय-लो दांडीही हाताने चाचपून पाहावी.

दुसरा प्रकार उताराला आडवे चालताना होतो. ट्रॅक्टरचे वजन खालच्या चाकावर येते, वरचे चाक हलके होऊन जागेवरच फिरते आणि खालचे थांबते. याला ओढ सुटणे म्हणत नाहीत, ही पकड सुटणे आहे. मी मागच्या टायरांत व्हॉल्व्ह वर घेऊन त्या उंचीपर्यंत, म्हणजे अंदाजे ७५ टक्के पाणी भरून घेतले आणि गरजेपुरता डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारा खटका) वापरतो, तोही सरळ चालताना; वळताना तो लागलेला असेल तर स्टिअरिंग ऐकत नाही. प्रश्नकर्त्यांची मात्र दोन्ही चाके थांबतात, तेव्हा हे कारण त्यांना लागू नाही.

प्रश्नकर्ता (दोन दिवसांनी)

सांगितल्याप्रमाणे सर्व तपासले. पेडलचा खेळ बरोबर आहे. चाचणीत इंजिन बंद पडले नाही, घुरघुरत राहिले. दोन्ही दांड्या घट्ट आहेत. तळाची पिन चिखलात आणि तेलात लिंपून पक्की बसली होती. स्क्रू-ड्रायव्हरने मोकळी केली तेव्हा चहाच्या अर्ध्या कपाएवढे काळे तेल एकदम खाली आले, आणि सकाळी पुठ्ठ्यावर पुन्हा तळहाताएवढा काळा डाग होता.

तेलाबद्दल आपण विचारलेत आणि मी विचारात पडलो. ट्रॅक्टर रोज आखाड्यावर उभा असतो आणि अंगणाला उतार आहे, नाक उताराकडे असते. रोज सकाळी तिथेच तेल मोजायची काडी काढून पाहतो. तेल कमी दिसते म्हणून दर आठ-दहा दिवसांनी थोडे ओततो. आज डांबरी रस्त्यावर सपाटीला उभा करून, इंजिन थंड झाल्यावर पाहिले तर तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होते.

उत्तर (अंबाजोगाई)

मग मूळ इथेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नाक खाली असताना तेल पुढे सरकते आणि काडीवर खोटी खूण दाखवते. जास्तीचे तेल चढावर मागच्या सीलवर येऊन टेकते. त्यात ब्रीदर (इंजिनाची हवा बाहेर सोडणारी जाळी) धुळीने बुजला असेल तर इंजिनातला दाब बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तो तेलाला सीलमधून ढकलतो. सील बदलताना ब्रीदर काढून डिझेलने धुतला नाही, तर नवे सीलही फार दिवस टिकणार नाही.

ट्रॅक्टर मधून खोलावाच लागेल. तो एकदा खोलला की मागच्या वेळी जे राहिले ते सगळे करून घ्या: क्रँकचे मागचे सील, गिअरबॉक्सच्या शाफ्टचे पुढचे सील, पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग. सीलची कड शाफ्टवर जिथे घासते तिथे नखाला खाच लागते का ते स्वतः बोट फिरवून पाहा; खाच असेल तर नवे सीलही गळेल आणि त्यावर स्लीव्ह बसवावी लागेल. फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा बारीक तडे असतील तर ते लेथवर घासून घ्यावे. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. तापली की आत मुरलेले तेल पुन्हा बाहेर येते. प्रेशर प्लेट चांगली असेल तर ती धुऊन वापरता येईल, तेवढा खर्च वाचेल.

उत्तर (परभणी, कृषी अभियांत्रिकीचा माजी विद्यार्थी)

दुरुस्तीबाबत जाणकारांनी सांगितले आहेच. मी कामाच्या पद्धतीबद्दल लिहितो. आपण तासे खालून वर घेता, हे ट्रॅक्टर आणि जमीन दोघांच्याही तोट्याचे आहे. उभ्या तासांतून पावसाचे पाणी वाट धरते आणि बरड रानातली जी चार बोटे माती आहे तीही घेऊन जाते. मशागत आणि पेरणी उताराला आडवी करावी, असा कृषी विद्यापीठाचा सल्ला असतो आणि त्यात ओढही कमी लागते. मात्र आडवे चालताना ट्रॅक्टर कुशीवर उलटण्याचा धोका वाढतो. मागच्या चाकांमधले अंतर शक्य तेवढे वाढवावे, पलटी नांगराची माती वरच्या अंगाला पडेल असे तास घ्यावे आणि धुऱ्यावर वळताना वेग अगदी कमी ठेवावा. ज्या पट्टीत बसल्यावर शरीर आपोआप वरच्या बाजूला झुकते आणि भीती वाटते, ती पट्टी ट्रॅक्टरने करूच नये. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडावी. ओढ वरून लागली की चढावर पुढची चाके उचलली जातात.

प्रश्नकर्ता (अकरा दिवसांनी)

काम परवा पूर्ण झाले. ट्रॅक्टर खोलताना मी स्वतः उभा होतो. प्लेटचा मधला भाग तेलाने काळा आणि काचेसारखा गुळगुळीत झाला होता. सीलची कड नखाने दाबली तर लवत नव्हती, वाळलेल्या चामड्यासारखी कडक होती. ब्रीदरमधून धूळ आणि तेलाचा घट्ट गोळाच निघाला. शाफ्टवर खाच नव्हती, हे नशीब. दोन्ही सीले, दोन्ही बेअरिंगे आणि प्लेट नवी घातली, प्रेशर प्लेट जुनीच ठेवली. तेल रस्त्यावर सपाटीला उभे करून खुणेपर्यंत भरले.

काल आणि आज वरचे रान आडव्या तासांनी नांगरले. एकदाही ओढ सुटली नाही, वास आला नाही, आणि रात्री खाली ठेवलेला पुठ्ठा सकाळी कोरडा होता. अगदी माथ्याची सव्वा एकराची पट्टी शेजाऱ्यांच्या बैलजोडीवर दिली आहे. ते उद्या औत धरतील.