बांध फोडलाय, तूर्तातूर्त मनाई कशी मिळेल?

प्रश्न (बांधावरून):
जमीन वडिलांच्या नावे खरेदीखताने घेतलेली, सातबाराही त्यांचाच. शेजारच्या गटवाल्याने जेसीबी लावून पूर्वेचा बांध आमच्या बाजूला चार फूट फोडला. म्हणतो, हा पट्टा माझा. आठवड्यात पेरणीही करेल. दावा न लावता कोर्टाकडून थांबवता येईल का?

निशाणी_पाच:
दाव्याशिवाय मनाई मिळत नाही. दावा दाखल करतानाच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39 नियम 1 व 2 खाली अर्ज द्या, सोबत शपथपत्र. कोर्ट पाहते प्रथमदर्शनी हक्क, गैरसोय कोणाची जास्त, आणि पैशाने भरून न निघणारे नुकसान. बहुतेक अर्ज पडतात ते ताब्यावर. सातबारा जोडाच, पण तो महसुली नोंद आहे, मालकीचा दस्त नव्हे. आजची वहिवाट दाखवायला ई-पीक पाहणी, पीक विम्याची पावती, विहिरीचे वीजबिल आणि फोडलेल्या बांधाचे तारखेसह फोटो द्या.

चतुःसीमा:
तुमचे खरे दुखणे पट्टा ओळखण्याचे आहे. दाव्याला हातनकाशा जोडा, वादातला पट्टा लाल रेघेने अ-ब-क-ड दाखवा, लांबी-रुंदी फुटांत लिहा. खरेदीखतात पूर्वेला ओढा आणि दाव्यात पूर्वेला शेजारचा गट, असे झाले की समोरचा वकील तेवढ्यावरच अर्ज पाडतो. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज आजच टाका. पुढे ऑर्डर 26 नियम 9 खाली कोर्ट कमिशनर मागता येतो, पण तो हद्द मोजायला. ताबा कोणाचा याचा पुरावा गोळा करायला नाही.

शेजारी मालकीच सांगतोय, म्हणून नुसता मनाईचा दावा लावू नका. मालकीवरच गंभीर प्रश्न उभा असेल तर जाहीर ठरावाचीही (मालकी तुमची असे कोर्टाने जाहीर करण्याची) मागणी हवी, हे अनाथुला सुधाकर (2008) निकालात स्पष्ट आहे. पट्टा त्याच्या ताब्यात गेला असेल तर ताबाही मागा.

बांधावरून:
नोटीस गेली की तो रात्रीत नांगरेल. त्याचे काय? तहसीलदाराकडे जाता येते का?

निशाणी_पाच:
एकतर्फी मनाई (समोरच्याला नोटीस देण्याआधीच) मागा. नोटिशीत गेलेल्या वेळात काय घडेल ते अर्जात तारखेनिशी लिहा, कारण ऑर्डर 39 नियम 3 खाली कोर्टाला कारणे नोंदवावी लागतात. हुकूम मिळताच अर्ज, शपथपत्र, दावा व कागदांच्या प्रती प्रतिवादीला लगेच द्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि तसे शपथपत्र त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी दाखल करा. हे चुकले तर मिळालेला हुकूम उठू शकतो. त्याने आधीच कॅव्हेट, म्हणजे मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज, टाकली असेल (ती 90 दिवस चालते), तर त्याला नोटीस द्यावीच लागते. जुना वाद, जुनी मोजणी काहीही लपवू नका.

तहसीलदारांचे म्हणाल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. शेतजमिनीच्या वहिवाटीला अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत अर्ज हवा. तिथे मालकी ठरत नाही.

चतुःसीमा:
हुकूम मोडला तर ऑर्डर 39 नियम 2-अ खाली अर्ज करा: मिळकत जप्ती, 3 महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. पोलीस बंदोबस्त मात्र वेगळ्या अर्जाने मागावा लागतो, हुकमाची प्रत ठाण्यात दाखवून भागत नाही. निशाणी 5 (म्हणजे हाच मनाईचा अर्ज) नामंजूर झाली तर जिल्हा न्यायालयात अपील 30 दिवसांत. नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका.