सैंधव आणि मिठाची पुडी

साधं मीठ सोडून सैंधव घेतलं की बीपीची काळजी मिटली, असं बरेच जण म्हणतात. ते पटत नाही. सैंधवही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच, म्हणजे साध्या मिठात असतं तेच, आणि त्यात आयोडीन बहुधा घातलेलं नसतं. रंग गुलाबी, एवढंच. खरा प्रश्न रोज पोटात किती जातं हा आहे. पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहा, म्हणजे ती किती दिवस पुरते ते कळेल. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चौघांना 1 किलो 50 दिवस पुरायला हवं. लोणचं, पापड, फरसाण, पाव यांतलं मीठ वेगळंच, त्यामुळे खरं तर दोन महिने.

एकदम कमी केलंत तर घरातले वरून मीठ घेतात आणि होतं तिथेच. आधी कणकेतलं आणि भातातलं काढा; आमटी-भाजीबरोबर कळतही नाही. मग आमटीतलं हळूहळू. आणि ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.