द गॉल यांचा निर्णय केवळ कृतघ्नपणाचा नव्हता

राष्ट्राध्यक्ष चार्ल्स द गॉल यांच्या निर्णयाने फ्रान्सने १९६६ साली 'नाटो' या अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीच्या लष्करी रचनेतून बाहेर पडणे हा दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सला मुक्त करणाऱ्या दोस्त राष्ट्रांशी निव्वळ कृतघ्नपणा होता, हे मत मला एकांगी वाटते, कारण त्या निर्णयाची मुळे १९४४ पर्यंत मागे जातात. जर्मनव्याप्त फ्रान्स सोडवण्यासाठीच्या नॉर्मंडीवरील स्वारीची माहिती स्वतंत्र फ्रेंचांचे नेते असलेल्या द गॉल यांना ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी ४ जूनला, म्हणजे अगदी ऐनवेळी दिली. त्यातच मुक्त होणाऱ्या प्रदेशात चालवण्यासाठी अमेरिकेत छापलेल्या फ्रँकच्या नोटांवर मागे तिरंगी ध्वज होता, पण फ्रेंच प्रजासत्ताकाचे नाव कुठेच नव्हते. स्वतःच्या देशाचे चलन परक्यांनी ठरवावे, हा अपमान कोणता राष्ट्राभिमानी नेता विसरेल? अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी द गॉल यांच्या सरकारला रीतसर मान्यता दिली ती थेट २३ ऑक्टोबर १९४४ रोजी, पॅरिस मुक्त होऊन दोन महिने होत आले तेव्हा.

युद्धोत्तर व्यवस्था ठरवणाऱ्या १९४५च्या याल्टा परिषदेचेही निमंत्रण फ्रान्सला नव्हते. तरी जर्मनीत फ्रान्सला स्वतंत्र ताबाक्षेत्र मिळावे यासाठी तिथे आग्रह धरला तो चर्चिल यांनीच, आणि १९६३ साली ब्रिटनचा युरोपीय सामायिक बाजारपेठेतील प्रवेश द गॉल यांनी रोखला, ही गोष्ट मला म्हणूनच अधिक खटकते.