सभागृहातले बोलणे न्यायालयात किती टिकते? सेनेटर टॉम हार्किन आणि अमेरिकेचा अपंग हक्क कायदा

निंबोणी (धागाकर्ती)

आयोवा राज्याचे माजी सेनेटर टॉम हार्किन यांचा विषय निघाला की १३ जुलै १९९० चा प्रसंग हमखास सांगितला जातो. अपंग व्यक्तींना नोकरी, सरकारी सेवा, वाहतूक आणि दुकाने-उपाहारगृहांसारख्या सार्वजनिक जागा यांत भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा त्या दिवशी सेनेटने ९१ विरुद्ध ६ मतांनी अंतिमतः मंजूर केला, आणि हार्किन यांनी आपल्या भाषणाचा काही भाग सांकेतिक भाषेत केला. त्यांचे थोरले बंधू फ्रँक लहानपणीच कर्णबधिर झाले होते. कर्णबधिरांच्या निवासी शाळेत फ्रँक यांच्यापुढे बेकरीकाम, चांभारकाम आणि छापखान्यातली मदतनिसी एवढेच तीन पर्याय ठेवले गेले आणि तिन्ही नकोत म्हटल्यावर त्यांना बेकरीत घातले गेले, ही हकीकत हार्किन पुढे अनेकदा सांगत.

प्रसंग हृद्य आहे यात शंका नाही, परंतु हार्किन यांचे मोठे काम मला त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या वर्षांत दिसते. कायद्याचा पहिला मसुदा १९८८ मध्ये लोवेल वायकर या रिपब्लिकन सेनेटरांनी मांडला होता. ते त्याच वर्षी निवडणूक हरले आणि मे १९८९ मध्ये हार्किन यांनी नव्याने लिहिलेला मसुदा मांडला. त्यांच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या. दुसरीकडे जस्टिन डार्ट हे स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेले कार्यकर्ते सगळ्या राज्यांत फिरून लोकांची गाऱ्हाणी गोळा करत होते. कोणाला कोणत्या दारातून परत पाठवले, कोणत्या कार्यालयाने नोकरी नाकारली, असे हजारो अनुभव संसदेच्या दप्तरी दाखल झाले. अमेरिकेत अशा नोंदींना पुढे न्यायालयात वजन येते, आणि माझा मुद्दा नेमका इथे आहे.

२००४ मध्ये टेनेसी राज्याविरुद्ध जॉर्ज लेन यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या लेन यांना पोक काउंटीच्या न्यायालयात, लिफ्ट नसल्यामुळे, दोन जिने सरपटत चढावे लागले होते. पुढच्या तारखेला त्यांनी सरपटायला आणि उचलून घ्यायला नकार दिला, तर गैरहजर राहिल्याबद्दल त्यांनाच अटक झाली. त्यांनी या कायद्याखाली राज्यावर दावा केला. राज्याचे म्हणणे असे की आम्हाला घटनेनुसार अशा दाव्यापासून संरक्षण आहे. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते फेटाळले, आणि तसे करताना कायदा करण्यापूर्वी संसदेपुढे आलेल्या भेदभावाच्या पुराव्याचा आधार घेतला. म्हणून मला असे वाटते की लोकप्रतिनिधीचे योगदान मोजताना भाषणाच्या परिणामकारकतेपेक्षा त्याने दप्तरात काय नोंदवून ठेवले ते पाहावे. आपले काय मत आहे?

कातळ

निंबोणी, आपण लेन यांचा खटला सांगितलात, पण त्याच्या तीनच वर्षे आधीचा गॅरेट खटला सांगितला नाहीत, हे मला खटकले. पॅट्रिशिया गॅरेट या अलाबामा विद्यापीठात परिचारिका होत्या. स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांनंतर कामावर परतल्यावर त्यांना वरचे पद सोडावे लागले. २००१ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने, त्याच पाच विरुद्ध चार मतांनी, राज्य सरकारकडून भरपाई मागण्याचा त्यांचा मार्ग बंद केला, आणि कारण काय दिले, तर राज्यांनी नोकरीत भेदभाव केल्याचा संसदेपुढील पुरावा अपुरा आहे. न्यायमूर्ती ब्रायर यांनी विरोधी निकालाला त्याच दप्तरातल्या उदाहरणांची राज्यवार भलीमोठी यादी जोडली, तरी बहुमत हलले नाही. एकच दप्तर एकदा पुरेसे ठरते आणि एकदा अपुरे, तेव्हा त्याला एवढे महत्त्व देणे मला पटत नाही.

माझा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९८९ च्या उन्हाळ्यात बुश प्रशासनाशी झालेल्या वाटाघाटींत हार्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खासगी दुकाने-उपाहारगृहांविरुद्ध नागरिकाला मिळू शकणारी नुकसानभरपाई सोडून दिली. दावा जिंकला तर न्यायालय फार तर दुरुस्तीचा आदेश आणि वकिलाचा खर्च देते. दंड आणि भरपाई मागण्याचा अधिकार फक्त सरकारच्या महान्यायवादींकडे राहिला. याचा व्यवहारातला अर्थ असा, की दुकानदाराने दारात उतार बांधला नाही तरी कोणी दावा ठोकेपर्यंत त्याचे काहीच बिघडत नाही. हक्क दिला आणि त्याचा दात काढून घेतला, अशी ही तडजोड आहे.

आणि हार्किन यांच्या स्वतःच्या राज्यात काय घडले तेही पाहा. आयोवातील अटॅलिसा गावी बौद्धिक अपंगत्व असलेल्या पुरुषांना जुन्या शाळेच्या इमारतीत ठेवून टर्की पक्षी साफ करण्याच्या कामावर महिना ६५ डॉलर मजुरीने अनेक वर्षे राबवले गेले, हे २००९ मध्ये उघड झाले. ज्युरीने २०१३ मध्ये ३२ जणांना मिळून २४ कोटी डॉलर भरपाई दिली. कायद्यातल्या कमाल मर्यादेमुळे ती १६ लाखांवर आली, म्हणजे आयुष्य गेले त्याचे माणशी ५० हजार डॉलर. इतके मोठे भाषण आणि इतका मोठा कायदा होऊनही हेच होत असेल तर आपण कशाचे कौतुक करतो आहोत?

दूरदेशी

मी बरीच वर्षे कॅलिफोर्नियात राहतो आणि कामानिमित्त लहान उपाहारगृहांच्या बांधकामाशी माझा संबंध येतो, त्यामुळे कातळ यांनी मांडलेल्या भरपाईच्या मुद्द्याची दुसरी बाजू सांगणे मला आवश्यक वाटते. कॅलिफोर्नियाच्या स्वतःच्या नागरी हक्क कायद्यात प्रत्येक उल्लंघनामागे किमान ४,००० डॉलर भरपाई आहे. त्यामुळे इथे एकाच वादीने शेकडो दुकानांवर दावे लावण्याचा धंदा उभा राहिला. प्रसाधनगृहातल्या आरशाची खालची कड जमिनीपासून ४० इंचांपेक्षा वर असली, उताराचे प्रमाण एकास बारापेक्षा किंचित तीव्र झाले किंवा पार्किंगच्या पट्ट्याचा रंग पुसट झाला, तरी नोटीस येते, मालक घाबरून पैसे देऊन मोकळा होतो आणि आरसा कित्येकदा आहे तिथेच राहतो.

मापे निरर्थक आहेत असे मी म्हणत नाही. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला आपला चेहरा दिसावा म्हणूनच ते ४० इंच आहेत, आणि नवे बांधकाम करताना ती पाळायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. परंतु १९८९ मध्ये हार्किन भरपाईवर अडून बसले असते, तर छोट्या व्यापाऱ्यांच्या संघटनांनी विधेयक रोखून धरले असते, असे मला वाटते. तेव्हाचे वातावरणही विसरू नये. एड्सग्रस्त कामगाराला अन्न हाताळण्याच्या कामावरून हलवण्याची मुभा देणारी दुरुस्ती प्रतिनिधिगृहाने खरोखरच मंजूर केली होती, आणि ती निष्प्रभ करायला अन्नातून खरोखर पसरणाऱ्या रोगांची यादी आरोग्य खात्याने करावी असा तोडगा ऑरिन हॅच या रिपब्लिकन सेनेटरांना काढावा लागला.

शब्दवेल

मी बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांच्या कार्यशाळेत काम करते, म्हणून अटॅलिसाचा उल्लेख वाचून लिहीत आहे. त्या अन्यायाचे मूळ १९३८ च्या वेतन कायद्यातल्या एका कलमात आहे; अपंग कामगाराला किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्याचा परवाना त्या कलमाने दिला. हार्किन सेनेटच्या श्रम समितीचे अध्यक्ष असताना, २०१४ च्या कायद्याने, २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना आधी समुपदेशन आणि खुल्या नोकरीची संधी दिल्याशिवाय अशा कमी मजुरीच्या कामावर घेण्यास बंदी आली. अनेकांनी त्याचे स्वागत केले. मी मनापासून स्वागत करू शकत नाही.

ज्या मुलाला पाकिटावर चिकटपट्टी सरळ लावायला वर्षभर शिकवावे लागते आणि ती सरळ लागली की जो सगळ्यांना दाखवत फिरतो, त्याच्यासाठी खुल्या बाजारातली नोकरी कोण निर्माण करणार? कार्यशाळा बंद झाली की असा मुलगा घरी बसतो आणि आई नोकरी सोडते. हार्किन यांच्या विचारात कर्णबधिर बंधू होते. संधी मिळताच स्वतःच्या पायावर उभी राहणारी व्यक्ती त्यांच्या डोळ्यांपुढे होती. ज्यांना आयुष्यभर आधार लागतो, त्यांची बाजू या वादात नेहमी मागे पडते, अशी माझी तक्रार आहे.

निंबोणी

शब्दवेलताई, आपली तक्रार रास्त आहे आणि तिला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. एवढेच नोंदवते, की त्या कायद्याने कार्यशाळा बंद केल्या नाहीत, तिथे जाण्यापूर्वी दुसरा रस्ता दाखवणे बंधनकारक केले. अटॅलिसाच्या माणसांना तो कोणी कधीच दाखवला नव्हता.

कातळ, गॅरेट खटल्याबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु माणशी ५० हजारांची मर्यादा १९९० च्या कायद्यातली नाही. ती १९९१ च्या नागरी हक्क कायद्यातून, लहान मालकांसाठी, आली. त्याआधी १९९० च्या कायद्याखाली नोकरीतल्या भेदभावासाठी अशी भरपाई मिळतच नव्हती.

दप्तराच्या बाजूने आणखी एक उदाहरण देते, जे खरे तर माझ्या विरुद्धही वापरता येईल. १९९० च्या कायद्याच्या प्रस्तावनेत अमेरिकेत सुमारे ४ कोटी ३० लाख अपंग आहेत असे लिहिले होते. १९९९ मध्ये अतिशय कमी दृष्टी असलेल्या, पण चष्म्याने नीट दिसणाऱ्या दोन बहिणींनी वैमानिकाची नोकरी नाकारल्याबद्दल विमान कंपनीवर दावा केला, तेव्हा न्यायमूर्ती ओकॉनर यांनी हाच आकडा उचलला: चष्मा लावणारे धरले तर संख्या १६ कोटींवर जाईल, म्हणजे संसदेला ते अभिप्रेत नव्हते. त्यानंतर मधुमेह, अपस्मार यांसारखे आजार औषधाने आटोक्यात असणाऱ्यांचे दावे उंबरठ्यावरच फेटाळले जाऊ लागले. औषध घेतले तर तुम्ही अपंग नाही, आणि मालक म्हणतो तुम्ही कामाला योग्य नाही! हार्किन यांनी हॅच यांना बरोबर घेऊन २००८ मध्ये दुरुस्ती आणली, व्याख्या रुंद केली आणि तो आकडाच काढून टाकला. सेनेटमध्ये ती एकमताने मंजूर झाली. अठरा वर्षांनी आपल्याच कायद्याची डागडुजी करायला उभा राहणारा लोकप्रतिनिधी मला मोठा वाटतो.

आपल्याकडच्या अनुभवामुळेही मला याचे महत्त्व वाटते. भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार २००७ मध्येच स्वीकारला. अमेरिकेच्या सेनेटमध्ये तो डिसेंबर २०१२ मध्ये ६१ विरुद्ध ३८ मतांनी पडला, कारण दोनतृतीयांश मते लागत होती, आणि माजी रिपब्लिकन सेनेटर, वृद्ध बॉब डोल चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आले तरी त्यांच्याच पक्षाची पुरेशी मते वळली नाहीत. करार इतक्या लवकर स्वीकारूनही आपला २०१६ चा अपंग हक्क कायदा नोटाबंदीच्या गदारोळातल्या अधिवेशनात मंजूर झाला, आणि सुगम्यतेचे निकष केवळ शिफारसवजा ठेवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द करावा लागला.

कातळ

१९९१ च्या कायद्याबाबतची दुरुस्ती मान्य. परंतु आपण सांगितलेल्या २००८ च्या एकमताचाच आधार घेऊन मी माझा आक्षेप कायम ठेवतो. ते एकमत झाले कारण व्यापाऱ्यांच्या संघटना आणि अपंगांच्या संघटना यांनी आधीच एकत्र बसून मसुदा ठरवला होता, आणि त्यात खासगी जागांविरुद्धच्या भरपाईचा विषय आला नाही. ज्या सेनेटरने १९८९ मध्ये नाइलाजाने ते कलम सोडले, त्याने एकोणीस वर्षांनी, सगळे सभागृह पाठीशी असताना, ते पुन्हा मागायला हवे होते. खासगी जागांविरुद्ध भरपाई न देणारी ती तरतूद आजही जशीच्या तशी आहे.