शाळेसाठी फ्री डिश संगणकावर: कार्डचं सॉफ्टवेअर बसवलं तरी ‘नो डिस्क्रॅम्बलर’

शाळा_गुहागर

नमस्कार. आमची गुहागर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. गावात मोबाइलची रेंज मिळवायला टेकडीवर जावं लागतं. म्हणून पीएम ई-विद्याचे इयत्तावार चॅनल फ्री डिशवरून घ्यायचे आणि वर्गांत दाखवायचे असं ठरवलं. तीन वर्गांत टीव्ही आहेत, दोन ग्रामपंचायतीने दिले आणि एक माजी विद्यार्थ्यांनी. प्रत्येकाला वेगळी डिश आणि वेगळा बॉक्स घेणं जमणार नाही. ऑफिसमधल्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्स) टाकलं, डीव्हीबीस्काय एस९६० हा यूएसबी ट्यूनर जोडला आणि आलेले चॅनल लॅनवरून टीव्हींना पुरवणारं टीव्हीहेडएंड हे सॉफ्टवेअर बसवलं. वर्गांपर्यंत लॅनची केबल आधीच गेलेली आहे.

डिश ६० सेंटीमीटरची, पत्र्याच्या कडेला भिंतीवर. दिशा लावताना बाजारात मिळणारा, आवाज करणारा सॅटेलाइट फाइंडर वापरला. मग शेजारच्यांचा बॉक्स आणून ब्लाइंड स्कॅन केला आणि सापडलेल्या फ्रिक्वेन्सी टीव्हीहेडएंडमध्ये घातल्या. लॉक लागतो, सिग्नल चांगला आहे, चॅनलची नावंही येतात. चॅनल सुरू केला की ‘नो डिस्क्रॅम्बलर’, म्हणजे चॅनलचं कुलूप उघडणारं काही नाही, असा संदेश येतो.

एका व्हिडिओत सांगितलं होतं की याला कार्डचं सॉफ्टवेअर लागतं. म्हणून यूएसबी स्मार्टकार्ड रीडर मागवला, घरच्या डीटीएचचं व्ह्यूइंग कार्ड त्यात घातलं (रिचार्ज चालू आहे) आणि सॉफ्टकॅम (कार्ड वापरून कुलूप उघडणारं सॉफ्टवेअर) बसवून टीव्हीहेडएंडला जोडला. लॉगमध्ये कार्ड ओळखल्याचं दिसतं, एटीआर (कार्डाचं पहिलं उत्तर) येतो, पण एकही चॅनल उघडत नाही. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत हे लागायला हवं. कोणतं सेटिंग बदलू?

सातारी_पेंग्विन

मॅडम, टीव्हीहेडएंडच्या सर्व्हिसेस टॅबमध्ये ‘एनक्रिप्टेड’ (कुलूपबंद) आणि ‘सीएआयडी’ (कुलपाच्या पद्धतीचा क्रमांक) असे कॉलम आहेत. ते काय दाखवतात? आणि शेजारच्या बॉक्सवर चॅनलच्या नावापुढे डॉलरचं चिन्ह, म्हणजे कुलूपबंद चॅनलची खूण, दिसत होतं का? यादीत डीडी सह्याद्री आहे का, तेही बघून सांगा.

शाळा_गुहागर

जवळपास सगळ्याच चॅनलपुढे एनक्रिप्टेडची खूण आहे, सीएआयडीचा आकडाही आहे. बॉक्सवर डॉलरचं चिन्ह होतं. सह्याद्री शोधलं, सापडलं नाही. डीडीचा एकही चॅनल नाही. फ्री डिशच्या ११०९० व्हर्टिकल २९५०० या मक्सवर (एका फ्रिक्वेन्सीवर एकत्र येणारा चॅनलचा गठ्ठा) मात्र ‘स्कॅन नो डेटा, फेल्ड’ येतं.

छत्रीवाला_चिपळूण

मॅडम, सॉफ्टकॅम काढून टाका आणि कार्ड घरच्या बॉक्समध्ये परत घाला. तुम्हाला हवे आहेत ते चॅनल कुलपात नाहीतच. तुमची छत्री दुसऱ्याच उपग्रहाकडे बघते आहे.

फ्री डिश येतं जीसॅट-१५ वरून, जागा ९३.५ अंश पूर्व. त्याच्या शेजारी ९५ अंशावर पैसे भरून बघायच्या डीटीएचचे चॅनल आहेत. मध्ये अंतर फक्त दीड अंशाचं. तुमचा फाइंडर ताकद मोजतो, उपग्रह ओळखत नाही. सिग्नल मिळाला की वाजतो, मग तो कुणाचा का असेना. ब्लाइंड स्कॅनचंही तेच, समोर जे असेल ते तो गोळा करतो. म्हणून लॉक पक्का, नावं हजर आणि चित्र नाही. मी छत्र्या बसवायला लागलो तेव्हापासून ही तक्रार ऐकतो आहे. त्याला इतिहासही आहे: डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली तेव्हा ती ९५ अंशावरच्या एनएसएस-६ वरूनच येत होती, ९३.५ वर नंतर गेली. जुन्या माहितीत ९५ चा आकडा अजून सापडतो आणि माणसं त्यावर विश्वास ठेवून डिश लावतात.

खात्री करायची असेल तर टर्मिनलमध्ये डीव्हीबीव्ही५-स्कॅन चालवा आणि सिग्नलबरोबर येणाऱ्या एनआयटी या माहितीच्या टेबलमध्ये उपग्रहाची जागा काय लिहिली आहे ते बघा. पण सह्याद्री नाही आणि ११०९० लागत नाही, एवढ्यावरच मी सांगतो की ९५ आहे.

आता डिश. गुहागरहून ९३.५ अंशाचा उपग्रह आग्नेयेला आहे, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर साधारण १२९ अंशावर, आणि क्षितिजापासून ५९ अंश वर. डिश ऑफसेट असते, त्यामुळे ती डोळ्यांना यापेक्षा बरीच उभी दिसेल. त्याने गोंधळू नका. ९५ पासून ९३.५ वर यायचं म्हणजे डिशच्या मागे उभं राहून ती उजवीकडे, दक्षिणेच्या बाजूला, दोनेक अंश फिरवायची आणि एक-सव्वा अंश वर उचलायची. ६० सेंटीमीटरच्या डिशला दीड अंश म्हणजे एका कडेला साधारण पाऊण सेंटीमीटर. नटबोल्ट पूर्ण सोडू नका, पाव आटा ढिले करा आणि हाताने रेटत जा. एक माणूस डिशपाशी, एक संगणकापाशी. टीव्हीहेडएंड तोपर्यंत बंद ठेवा, कारण ट्यूनर एका वेळी एकाच प्रोग्रामच्या ताब्यात राहतो. डीव्हीबीव्ही५-झॅपने ११०९० धरून ठेवा, लॉक लागला की डेसिबलचा आकडा बघत डिश हलवा, आणि शेवटी एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग) त्याच्या पकडीत दोन्ही बाजूंना सावकाश फिरवून तो आकडा जिथे सर्वात वर जाईल तिथे कसा. उपग्रह आपल्या थेट दक्षिणेला नसल्याने एलएनबी सरळ ठेवून भागत नाही. लॉक मिळाला म्हणून एलएनबी न फिरवता खाली उतरणारे पुष्कळ पाहिले. मे महिन्यात त्यांचं चित्र उत्तम असतं आणि जुलैत पहिल्या मोठ्या सरीला जातं. कोकणात डिश लावायची ती पावसाचा विचार करून.

टीव्हीहेडएंडमध्ये एलएनबीचा प्रकार ‘युनिव्हर्सल’ ठेवा. एलएनबी आलेल्या फ्रिक्वेन्सीतून एक ठरलेला आकडा वजा करून ती ट्यूनरला देतो. तिथे चुकून १०६०० वाला निवडला गेला तर ११०९० मधून १०६०० वजा होऊन ४९० मेगाहर्ट्झ उरतात आणि ट्यूनर ९५० च्या खालचं काही ऐकत नाही. युनिव्हर्सलला ९७५० वजा होतात, १३४० उरतात, ते त्याच्या आवाक्यात आहे. दिशा बरोबर असूनही लॉक नाही आला तर केबल ट्यूनरला लावलेली ठेवून एलएनबीच्या टोकाला मल्टिमीटर लावा. व्हर्टिकलसाठी मधल्या तारेवर १३ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. आले नाहीत तर आधी एफ कनेक्टर कापून नवे घाला. समुद्राजवळ तांब्याची तार हिरवी पडते आणि वरून काही कळत नाही.

कार्डाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्या व्हिडिओंपायी लोकांचे पैसे जातात आणि मला ते बघवत नाही. पैसे भरून बघायचा चॅनल कंट्रोल वर्ड नावाच्या किल्लीने बंद केलेला असतो आणि ती किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. नवी किल्ली ईसीएम नावाच्या संदेशात, स्वतःच बंद पाकिटात, चॅनलबरोबर येते. ते पाकीट फोडायचं काम कार्डाचं. कोणत्या कार्डाने कोणतं पाकीट फोडायचं हे ईएमएम नावाच्या दुसऱ्या संदेशांतून कंपनी कार्डाला कळवते. म्हणूनच रिचार्ज केल्यावर बॉक्स काही वेळ चालू ठेवायला सांगतात. एटीआर म्हणजे रीडरमध्ये वीज मिळाल्यावर कार्डाने दिलेली नुसती हाक आहे, त्यात हक्काचं काही नसतं. शिवाय कार्डाची बॉक्समधल्या चिपशी जोडी लावलेली असेल तर बाहेरच्या रीडरमध्ये त्याचा उपयोग शून्य. आणि तुमच्या घरची सेवा वेगळी, ९५ वरचे चॅनल वेगळे असतील तर सीएआयडीच जुळणार नाही.

ते समजा जुळलं असतं, तरी मी नको म्हणालो असतो. घरगुती वर्गणीचं कार्ड घरापुरतं असतं. कुलूप चुकवून प्रक्षेपण दाखवण्यासाठी कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५-अ हे कलम आलं आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. शाळेच्या संगणकावर ती भानगड कशाला? मुलांसाठीचे चॅनल सरकारने मुद्दाम उघडे ठेवले आहेत, ते घ्या.

श्टुटगार्टहून_सुजाता

छत्रीवाले दादा कार्ड आणि चिपच्या जोडीबद्दल म्हणाले ते इथेही तसंच आहे. जर्मनीत अॅस्ट्रा १९.२ या उपग्रहावर एआरडी आणि झेडडीएफ हे सार्वजनिक चॅनल उघडे आहेत, ते आमच्या टीव्हीहेडएंडवर विनातक्रार चालतात. खासगी चॅनलच्या एचडीसाठी एचडी प्लसचं कार्ड लागतं. ते मी अधिकृत सीआय प्लस मॉड्यूलमध्ये घालून टीव्हीच्या खाचेत लावते. हे मॉड्यूल टीव्हीचं प्रमाणपत्र तपासल्याशिवाय चित्र देत नाही, त्यामुळे संगणकाला लावून उपयोग होत नाही.

भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाने एप्रिल २०२० मध्ये कुठलाही सेट टॉप बॉक्स कुठल्याही कंपनीला चालावा अशी शिफारस केली होती, यूएसबीवर लागणाऱ्या मॉड्यूलसह. तसं प्रत्यक्षात आलं असतं तर कंपनी बदलताना लोकांना बॉक्स टाकून द्यावा लागला नसता. मला त्याची फार आशा होती.

शाळा_गुहागर

सर्वांचे आभार. आज सकाळी आमच्या शिपाईमामांनी छपरावर आणि मी संगणकापाशी बसून डिश फिरवली. एनआयटीमध्ये आधी ९५ च होतं. थोडी उजवीकडे, थोडी वर, आणि ११०९० लागलं. डीडी सह्याद्री दिसतं आहे! बाकीचे मक्स एनआयटीवरून आपोआप आले. ई-विद्याचे चॅनलही आले, कुठेच कुलूप नाही. सॉफ्टकॅम काढून टाकला.

आता एकच अडचण. एका वर्गात पाचवीचा चॅनल चालू असताना दुसऱ्या वर्गात सह्याद्री लावलं तर ‘नो फ्री अडॅप्टर’ येतं. पण दोन्ही वर्गांत ई-विद्याचेच दोन वेगळे चॅनल लावले तर चालतात. नेटवर्क कमी पडतंय का?

सातारी_पेंग्विन

नेटवर्कचा प्रश्न नाही. एक ट्यूनर एका वेळी एकच मक्स धरतो. त्या मक्समधले सगळे चॅनल एकाच वेळी कितीही वर्गांना देता येतात, दुसऱ्या मक्ससाठी दुसरा ट्यूनर लागतो. तुमचे ते दोन चॅनल एकाच मक्सवर आहेत, सह्याद्री वेगळ्यावर. लॅनची केबल असल्यामुळे तीन वर्ग सहज निघतील. वर्गातल्या टीव्हीवर वायफायने देऊ नका, चित्र अडकेल.

छत्रीवाला_चिपळूण

बरोबर. दुसरा ट्यूनर घ्यायचा झाला तर दोन तोंडांचा एलएनबी घ्या असं दुकानदार सांगेल. फ्री डिशपुरती त्याची गरज नाही. इथले मक्स व्हर्टिकलवर आणि लो बँडमध्येच आहेत, त्यामुळे दोन ट्यूनर एलएनबीला परस्परविरोधी हुकूम देत नाहीत. एका बाजूने वीज जाऊ देणारा सॅटेलाइटचा स्प्लिटर पुरतो. केबल टीव्हीचा स्प्लिटर घेऊ नका, तो ही फ्रिक्वेन्सी नीट सोडत नाही.

नवा मक्स हाताने घालावा लागला तर डिलिव्हरी सिस्टीम (प्रक्षेपणाचं मानक) डीव्हीबी-एस की त्यानंतरचं एस२ हे बघून घाला. फ्री डिशवर एमपेग-२ आणि एमपेग-४ दोन्ही आहेत, आणि डीव्हीबी-एस निवडून एस२ चा मक्स लागत नाही. फ्री डिशवरच्या जागांच्या लिलावानंतर खासगी चॅनलच्या जागा बदलतात, म्हणून अधूनमधून पुन्हा स्कॅन करा. डेबियन नव्याने टाकलंत तर एस९६० साठी एम८८डीएस३१०३ चिपचं फर्मवेअर आठवणीने परत ठेवा. ते नसेल तर ट्यूनर यादीत दिसतो पण लॉक लागत नाही, आणि डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या नोंदींत) फर्मवेअर सापडत नसल्याची ओळ येते.

आणि शिपाईमामांना एक सांगून ठेवा. ऑक्टोबरच्या सुरुवातीचे आणि मार्चच्या मध्याच्या आसपासचे काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास चित्र काही मिनिटं पूर्ण जाईल. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. थोड्या वेळात आपोआप परत येतं, त्या वेळी डिशला कुणी हात लावायचा नाही.