पावसाचं पाणी पिंपात साठवायचंय, जोडणी आणि डासांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमचं कौलारू घर आहे. पडवीच्या पन्हळीखाली २०० लिटरची तीन पिंपं ठेवून परसातल्या मिरची-अबोलीला ते पाणी घालायचंय. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. २० चौरस मीटरच्या पडवीवर १० मिलिमीटर पडला की एक पिंप भरलंच! मग पिंपं तळाशी नळीने जोडावीत, की एक भरलं की त्याचं जादा पाणी वरून दुसऱ्यात सोडावं? तळाची जोडणी गळते का? पहिल्या पावसात कौलांवरची माती, पाला कसा वगळता?

सगळ्यात काळजी डासांची. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि घरात लहान मूल आहे. बारीक जाळी पुरते की गप्पी मासेही सोडावेत? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा, जोडणीचा फोटो असेल तर फारच बरं.