ओटीजी, फोर्न आणि सूर: घरच्या पिझ्झ्याचे तुमचे अनुभव सांगा

फोंडा

आमच्या घरी पाव करायची रीतच नव्हती. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला की आई टोपली घेऊन दारात जायची, पोई नाहीतर उंडे घ्यायची, संपलं. त्यामुळे चाळिशीत पहिल्यांदा पिझ्झ्यासाठी मैदा मळायला बसले, तेव्हा फुगलेलं पीठ बोटांना कसं लागतं हेच मला माहीत नव्हतं.

दोन वर्षं मी एकाच हट्टापायी घालवली: नेपल्ससारखा पातळ, मऊ, कडेला फुगलेला पिझ्झा ओटीजीत, म्हणजे घरातल्या विजेच्या छोट्या भट्टीत, करायचा. दर वेळी निघायचा तो खाकऱ्यासारखा. कारण नंतर कळलं. तिथल्या लाकडाच्या भट्टीत ४३० ते ४८० अंश उष्णता असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. माझा ओटीजी २५० वर थांबतो. तिथे त्याच पिझ्झ्याला आठ-दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात पिठातलं पाणी उडून जातं. माझ्या मळण्यात खोट नव्हती, आच कमी पडत होती.

मग मी डेट्रॉइटच्या पिझ्झ्याकडे वळले. १९४६ च्या सुमारास तिथे तो सुरू झाला. मोटारींच्या कारखान्यांत सुटे भाग ठेवायला वापरायचे तसल्या पोलादी चौकोनी ट्रेमध्ये तो भाजत. जाड, लुसलुशीत, चीज थेट कडेपर्यंत पसरलेलं आणि टोमॅटोचा सॉस चीजच्या वर. मी आठ इंची चौकोनी केकच्या भांड्यात करते: २०० ग्रॅम मैदा, १४० मिली पाणी, भांड्याला सढळ हाताने तेल. खालच्या खणात पंधरा मिनिटं. कडेचं चीज भांड्याला लागून खरपूस होतं आणि त्या चार कोपऱ्यांसाठी घरात भांडणं होतात.

तुमच्याकडे कुठला पिझ्झा जमला, कुठल्या आचेवर? फसलेलेही लिहा. मला तेच जास्त उपयोगी पडतील.

साखळी

ओटीजी नाही. बिडाचा तवा आहे, आजीचा. तवा चांगला तापवून पोळी टाकते, खालून डाग पडले की उलटते. भाजलेल्या बाजूवर सॉस, चीज, कांदा-मिरची, वर झाकण, गॅस बारीक. पाच मिनिटं. चीज वितळतं, वरून तांबूस मात्र होत नाही. मुलांची काही तक्रार नाही.

म्हापसा

शुक्रवारच्या बाजारातून चोरीसची (आपल्या गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजची) माळ आणली आणि मणी तसेच पिझ्झ्यावर मांडले. भाजताना सगळी चरबी सुटली, पिझ्झा तेलात पोहत होता, मधला भाग कच्चाच. आता आवरण काढून मंद आचेवर आधी परतून घेतो, चरबी वेगळी काढतो आणि तिच्यातलाच चमचाभर घेऊन कांदा परततो. चोरीसमध्ये व्हिनेगर, मीठ, मिरची, लसूण सगळं असतंच, म्हणून सॉसमध्ये मीठ घालत नाही आणि चीज निम्मं करतो. अमेरिकेत पिझ्झ्यावर घालतात ते पेपरोनी हे सॉसेज तिथल्या इटालियन स्थलांतरितांचं. इटलीत पेपरोनी मागितलं तर ढबू मिरची येते!

पर्वरी

माझा अनुभव तुळशीचा. मार्गेरिता करायचा होता. १८८९ साली राणी मार्गेरिता नेपल्सला आली असताना तिच्यासाठी टोमॅटो, मोझरेला आणि बेसिलचा, म्हणजे तिकडच्या तुळशीचा, पिझ्झा केला, अशी गोष्ट सांगतात. मोझरेला आणि बेसिल घातलेल्या पिझ्झ्याची वर्णनं त्याआधीचीही सापडतात, पण नाव तिचंच राहिलं. मी अंगणातल्या वृंदावनाकडे वळले तर सासूबाई म्हणाल्या, "तिची पानं पूजेची. चीजवर नको." मला ते पटलं. आणि चवही जुळली नसती, आपल्या तुळशीला लवंगेसारखा उग्र वास असतो.

मग कळलं की फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजेच बेसिलचं बी. मूठभर सब्जा कुंडीत टाकला, आठवड्यात रोपं वर आली. वास इटालियन बेसिलपेक्षा किंचित बडीशेपेकडे झुकणारा, पण पिझ्झ्यावर झकास. पानं भाजून झाल्यावरच घाला, आधी घातली तर काळी पडतात.

आणखी एक. मे महिन्यात यीस्ट हात राखून घाला. अर्धा किलो मैद्याला पाव चमचा, आणि पीठ चोवीस तास फ्रीजमध्ये. बाहेर ठेवलं की आपल्या दमट उकाड्यात तीन तासांत फसफसून बसतं.

मडगाव

पूर्वी पोदेर पिठात यीस्ट नव्हे, सूर, म्हणजे माडाची ताडी, घालत. आमच्या शेजारी सान्नां (इडलीसारखी, तांदळाची) सुराचीच होत, तो वास मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून एकदा ओळखीच्या रेंदेराकडून, म्हणजे सूर काढणाऱ्याकडून, ताजा सूर आणला आणि अर्धा किलो मैद्यात २०० मिली सूर, १०० मिली पाणी घालून मळलं. चार तासांत दुप्पट. भाजल्यावर किंचित गोडसर-आंबूस चव आली, दुकानातल्या यीस्टने ती कधीच आली नव्हती. दुसऱ्या खेपेला दुपारचा सूर मिळाला, तो आधीच चढलेला. पीठ आंबट झालं, टाकावं लागलं.

असोळणा

मला फोर्नचा, म्हणजे पोदेराच्या लाकडाच्या भट्टीचा, अनुभव सांगायचा आहे. मुलाच्या वाढदिवसाला बारा पिझ्झे करायचे होते आणि घरात एक छोटा ओटीजी. गावच्या पोदेराला विचारलं. तो म्हणाला, दुपारी पोई काढून झाली की ये.

गेले. फोर्न लाल. मी घाईने गोळा पसरून पुढे केला तर तो म्हणाला, "बाय, मातशें राव." (बाई, जरा थांब.) निखारे बाजूला सारले, ओल्या फडक्याने तळ पुसला, मग चिमूटभर पीठ आत टाकलं. ते क्षणात काळं झालं. थांबला. पुन्हा टाकलं, या वेळी हळूहळू तांबूस झालं. तेव्हा लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून पहिला पिझ्झा आत गेला. दोन-अडीच मिनिटं. कडा फुगल्या, खाली काळे-तांबूस ठिपके. फोंड्याच्या ताईंनी ओटीजीत दोन वर्षं शोधला तो हाच. थर्मामीटर कुठेच नव्हता.

२०१७ साली युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. ते वाचल्यावर मला हाच माणूस आठवला. त्याचा मुलगा बोटीवर आहे, फोर्न पुढे कोण चालवणार ते ठरलेलं नाही. मी बाराही पिझ्झ्यांचे पैसे द्यायला गेले तर त्याने फक्त लाकडाचे घेतले आणि एक पिझ्झा घरी नेला.

फोंडा

असोळण्याच्या ताई, तळ पुसल्यावर किती वेळ थांबलात तेवढं सांगाल का? आमच्याकडचा पोदेर रविवारी दुपारी फोर्न द्यायला तयार आहे. आणि मडगावकर, सूर सकाळी किती वाजेपर्यंत आणला तर चालेल?